गिटारच्या फ्रेटबोर्डचा रेडियस म्हणजे काय? ऑनलाइन गिटार घेण्याआधी समजून घ्या

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, गाव डिंभे, तालुका आंबेगाव. आमच्याकडून गिटार हातात घेऊन बघायची म्हणजे पुणं गाठावं लागतं. त्यामुळे मोबाइलवर फोटो आणि किंमत बघून ऑर्डर देणं सोपं वाटतं. पण स्पेसिफिकेशनमध्ये एक ओळ असते, ‘फ्रेटबोर्ड रेडियस १२ इंच’, ती आपण वाचतच नाही. नेक हाताला कसा लागेल हे त्या ओळीवर बरंच अवलंबून असतं, आणि एकदा गिटार घरी आली की हा आकडा स्क्रू पिळून बदलता येत नाही.

रेडियस म्हणजे नेमकं काय?

नेकवरच्या ज्या पट्टीवर आपण तारा दाबतो, तो फ्रेटबोर्ड. बहुतेक गिटारांमध्ये ही पट्टी रुंदीच्या दिशेने मध्ये किंचित फुगीर असते. तो फुगवटा ज्या वर्तुळाचा तुकडा आहे, त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे रेडियस.

आकडा लहान, तर गोलाई जास्त. डिंभ्याहून भीमाशंकरला जाताना घाटातलं वळण गाडी एकदम फिरवतं, तिथे त्रिज्या लहान. पुणे-नाशिक हायवेचं वळण लांबलचक, तिथे त्रिज्या मोठी. फ्रेटबोर्डचंही तसंच.

फरक किती पडतो?

दहावीची भूमिती इथे कामाला येते. मधला उंचवटा साधारण असा निघतो: रुंदीचा वर्ग भागिले (८ × त्रिज्या). बाराव्या फ्रेटजवळ रुंदी ५२ मिमी धरली, तर:

- ७.२५ इंच (१८४ मिमी), जुन्या पद्धतीच्या फेंडर: सुमारे १.८ मिमी
- ९.५ इंच (२४१ मिमी), आजच्या बऱ्याच फेंडर: सुमारे १.४ मिमी
- १२ इंच (३०५ मिमी), गिब्सन लेस पॉल: सुमारे १.१ मिमी
- १६ इंच (४०६ मिमी), मार्टिनच्या अकूस्टिक: सुमारे ०.८ मिमी
- पारंपरिक क्लासिकल गिटार: सपाट, म्हणजे शून्य

सगळ्यात गोल आणि १६ इंची बोर्डमध्ये फरक जेमतेम १ मिमीचा. पण तारा फ्रेटच्या वर दीड-दोन मिमीवरच असतात, त्यामुळे बोटांना तो लगेच कळतो.

कॉर्डला गोल, बेंडला सपाट

बार कॉर्डमध्ये एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या असतात. आपलं बोट काही फूटपट्टीसारखं सरळ नसतं. म्हणून पहिल्या काही फ्रेटवर कॉर्ड धरताना गोल बोर्ड अनेकांना आरामाचा वाटतो.

बेंडचं उलट. बेंड म्हणजे दाबलेली तार बाजूला ओढून सूर चढवणं. सतारीतल्या मींडेचा हा भाऊबंदच. गोल बोर्डवर सगळ्यात बारीक तार कडेवरून मध्याकडे ओढली, की ती फुगवट्यावर चढते. तिचं दुसरं टोक मात्र ब्रिजवर खाली, कडेलाच राहतं. मग ती पुढच्या एखाद्या फ्रेटला टेकते आणि सूर मध्येच मरतो. तारा थोड्या उंच केल्या तर हे टळतं, पण दाबायला जोर जास्त लागतो. मोठ्या रेडियसवर तारा खाली ठेवूनही बेंड साफ निघतो.

दोन्ही हवं असेल तर कंपाउंड रेडियस बघा. जॅक्सनच्या अनेक गिटारांवर नटजवळ १२ इंच आणि शेवटच्या फ्रेटकडे १६ इंच असतो. खाली कॉर्डला गोल, वर सोलोला सपाट.

प्रत्येक दुखण्याला रेडियस जबाबदार नाही

नेकच्या मागचा आकार (सी, डी, व्ही) ही वेगळी गोष्ट. तारांची उंची, म्हणजे अ‍ॅक्शन, हीसुद्धा वेगळी. नवशिक्याची बोटं फार दुखत असतील तर आधी अ‍ॅक्शन तपासून घ्या. ती सेटअप करून कमी होते. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट, उन्हाळ्यात कोरडी. त्याने लाकूड हलतं आणि अ‍ॅक्शन बदलते. ट्रस रॉड पिळला की नेकचा लांबीतला बाक बदलतो, रेडियस नाही. रेडियस बदलायचा तर फ्रेट काढून लाकूड तासावं लागतं. स्वस्त गिटारवर तो खर्च परवडत नाही.

म्हणून बोटं दुखतात म्हणून गिटार माळ्यावर टाकण्याआधी एकदा सेटअप करून बघा.

घरच्या घरी मोजा

जाड पुठ्ठ्याच्या पट्टीला बरोबर ३०५ मिमी अंतरावर दोन भोकं पाडा. एकात टाचणी, दुसऱ्यात पेन्सिल धरून दुसऱ्या पुठ्ठ्यावर कमान काढा. कमानीवर कापा आणि टाचणीच्या विरुद्ध बाजूचा तुकडा ठेवा. तारा बदलताना तो दोन फ्रेटच्या मधे बोर्डवर आडवा उभा धरा आणि मागून मोबाइलचा टॉर्च लावा. उजेड कडांना दिसला तर रेडियस १२ इंचापेक्षा कमी, मध्ये दिसला तर जास्त.

मग कोणता घ्यावा?

गाण्यासोबत कॉर्डच वाजवायच्या असतील तर ९.५ इंच छान. लीड, मोठे बेंड वाजवायचे तर १२ ते १६. अजून ठरलं नसेल तर १२ इंच हा मधला, सोयीचा आकडा. वेबसाइटवर रेडियस दिलाच नसेल, तर पैसे भरण्याआधी विक्रेत्याला मेसेज करून विचारा.