अक्कलदाढ काढताना: आधीची तयारी आणि नंतरची काळजी

अक्कलदाढ काढायला साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो. भूल दिलेली असल्याने त्या वेळी फारसे दुखत नाही. खरी काळजी घ्यायची असते ती घरी गेल्यावर. दाढ निघाली की त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी तयार होते. ही गुठळी म्हणजे शरीराने स्वतः बांधलेली पट्टी असते. ती जागेवर राहिली तर जखम आपली आपण भरते. ती निघून गेली तर रक्त पुन्हा वाहू शकते किंवा आतले हाड उघडे पडून असह्य ठणका लागतो.

परभणी जिल्ह्यात या काळजीला आणखी दोन बाजू आहेत. जिंतूर, सेलू, पाथरी किंवा गंगाखेडकडून आलेला रुग्ण परभणीत दाढ काढून चाळीसेक किलोमीटर एसटीने घरी जातो आणि रात्री रक्त आले तर दवाखाना जवळ नसतो. शिवाय तंबाखू-चुना किंवा मिश्रीची सवय अनेक घरांत आहे. या दोन्ही गोष्टींचा विचार आधीच करून ठेवला तर पुढचा बराच त्रास वाचतो.

अक्कलदाढ कधी काढावी लागते?

तोंडाच्या अगदी मागच्या बाजूला, साधारण १७ ते २५ वर्षांच्या वयात येणारी तिसरी दाढ म्हणजे अक्कलदाढ. जबड्यात जागा कमी असली तर ती तिरकी किंवा आडवी अडकते, अर्धवट बाहेर येते किंवा हाडातच राहते.

पुढील कारणांसाठी ती काढण्याचा सल्ला दिला जातो:

- दाढेवरची हिरडी वारंवार सुजते, पू होतो, तोंड उघडत नाही
- दाढ किडली आहे आणि भरून उपयोग नाही
- तिच्यामुळे पुढच्या चांगल्या दाढेला कीड लागते आहे
- दाढेभोवती हाडात गाठ किंवा पाण्याची पिशवी तयार झाली आहे

दाढ अडकलेली आहे, पण काहीच त्रास नाही, अशा वेळी ती काढायलाच हवी असे नाही. निरोगी अडकलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये, असा सल्ला ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००० सालीच दिला होता. अशा दाढेची अधूनमधून तपासणी मात्र करत राहावी.

दाढ काढली की नजर कमी होते का?

नाही. डोळ्याने दिसण्याची नस वेगळी आणि दातांची संवेदना नेणारी नस वेगळी. दाढ काढल्याने दृष्टीवर परिणाम होत नाही. उलट या भीतीने महिनोन्महिने वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढले तर दाढेतला जंतुसंसर्ग गळ्याकडे पसरू शकतो आणि तो जीवावर बेतू शकतो. गाल सुजला असताना बाहेरून गरम वीट, तवा किंवा पोटीस यांचा शेक देऊ नका. वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा.

कुठे दाखवावे?

पूर्ण बाहेर आलेली, सरळ दाढ बहुतेक दंतवैद्य काढू शकतात. हाडात अडकलेली दाढ असेल तर मुख व जबड्याच्या शल्यचिकित्सकाकडे जाणे चांगले. परभणी शहरात सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे, तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी तज्ज्ञ आणि क्ष-किरणाची सोय एकाच छताखाली मिळते.

दाढ काढण्याआधी क्ष-किरण फोटो आवश्यक असतो. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांजवळून ओठ व हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. ती किती जवळ आहे, हे पूर्ण जबड्याच्या ओपीजी फोटोत दिसते. नस फार जवळ असेल तर ओठ काही काळ बधिर राहण्याची शक्यता असते. ही शक्यता डॉक्टरांकडून आधीच समजून घ्या.

डॉक्टरांना हे आधी सांगा

- रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट्स, किडनी किंवा लिव्हरचा आजार
- हृदयाची झडप बदलली असेल, स्टेंट बसवला असेल
- रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल
- हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळी किंवा इंजेक्शन घेतले असेल
- पेनिसिलीन, वेदनाशामक किंवा अन्य औषधाची ॲलर्जी
- गरोदरपण, स्तनपान किंवा गर्भनिरोधक गोळ्या
- आधी दात काढला तेव्हा रक्त बराच वेळ थांबले नव्हते का

गोळ्यांची नावे आठवत नसतील तर पाकिटे सोबत आणा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. तोंडातले रक्त दाबून, टाके घालून थांबवता येते. हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली तर नुकसान भरून येत नाही. गोळी चालू ठेवायची की नाही, हे दंतवैद्य आणि तुमचे नेहमीचे डॉक्टर मिळून ठरवतील.

तंबाखू, गुटखा किंवा सुपारीची सवय लपवू नका. अशा सवयीने गालाची आतली त्वचा कडक होऊन तोंड कमी उघडते. तोंडात तीन बोटे उभी मावत नसतील तर मागची दाढ काढणे अवघड जाते आणि त्याची वेगळी तयारी करावी लागते.

आदल्या दिवशी आणि त्या दिवशी

- शक्यतो सकाळची वेळ घ्या. म्हणजे दाढ काढल्यावर एक-दोन तास शहरात थांबता येते आणि रक्त थांबल्याची खात्री करूनच गावाकडे निघता येते.
- फक्त जबड्याला भूल द्यायची असेल तर उपाशी येऊ नका. नीट नाश्ता करून, दात घासून, नेहमीच्या गोळ्या घेऊन या. उपाशीपोटी भोवळ येण्याची शक्यता वाढते.
- एकादशी, नवरात्र किंवा रोजाच्या दिवसांत तारीख घेणे टाळा. नंतर वेळेवर मऊ अन्न आणि गोळ्या घ्याव्या लागतात.
- पूर्ण भूल द्यायची असेल तर साधारण ६ तास आधी खाणे बंद करायला सांगतात. पाणी किती वेळ आधीपर्यंत चालेल, ते भूलतज्ज्ञ सांगतील.
- सोबत घरचे एक माणूस असावे. दुचाकी स्वतः चालवत परत जाऊ नका.
- गोळ्या, जास्तीचा गॉज आणि डॉक्टरांचा फोन नंबर घेऊनच निघा.

पहिले २४ तास

तोंडात ठेवलेला गॉज पाऊण ते एक तास घट्ट चावून धरा. मध्ये काढून पाहू नका. त्यानंतर:

- थुंकू नका. लाळ गिळून टाका. लाळेत थोडे लाल दिसले तरी घाबरू नका. थेंबभर रक्तानेही सगळी लाळ लाल दिसते.
- चूळ भरू नका. शहाळे किंवा रस नळीने ओढून पिऊ नका. या ओढीने गुठळी सुटते.
- बाहेरून गालावर बर्फ ठेवा. बर्फ फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटे शेक, मग तेवढीच विश्रांती.
- बधिरपणा जाईपर्यंत, म्हणजे साधारण ३-४ तास, गरम काही घेऊ नका. ओठ किंवा गाल चावला जाऊ शकतो, तेही कळत नाही.
- झोपताना डोक्याखाली दोन उशा घ्या.
- शेतातले जड काम, ओझे उचलणे, उन्हात फिरणे टाळा. एप्रिल-मेमध्ये पाणी भरपूर प्या, पण पेल्याने.
- वरची दाढ काढली असेल तर काही दिवस जोरात नाक शिंकरू नका.

दुसऱ्या दिवसापासून

आता चूळ भरायला हरकत नाही. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घाला. घोट तोंडात घेऊन मान हलक्या हाताने दोन्हीकडे कलवा आणि पाणी आपोआप पडू द्या. जेवणानंतर आणि झोपताना असे दिवसातून ४-५ वेळा करा. बाकीचे दात मऊ ब्रशने घासा, जखमेला ब्रश लावू नका.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि आठवडाभरात उतरते. गालावर निळसर-पिवळे डाग येऊ शकतात. तोंड काही दिवस कमी उघडते. हे सगळे अपेक्षित आहे. टाके विरघळणारे नसतील तर साधारण सातव्या दिवशी काढावे लागतात. खड्डा वरून भरायला ३-४ आठवडे आणि आतून हाड भरायला काही महिने लागतात.

काय खावे?

पहिल्या दिवशी थंड किंवा कोमट: ताक, दही, गार केलेली आंबील, केळे, दूध. दुसऱ्या दिवसापासून मऊ खिचडी, वरण-भात कालवून, रव्याची खीर. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दुधात किंवा वरणात कुस्करलेली भाकरी, दुसऱ्या बाजूने चावून. ठेचा, शेंगदाणे, चिवडा, तीळ आणि हुरडा निदान दोन आठवडे नको. बारीक दाणे खड्ड्यात अडकतात.

तंबाखू आणि मिश्री

दाढ काढल्यावर तंबाखू, गुटखा, बिडी आणि मिश्री निदान आठवडाभर पूर्ण बंद ठेवा. तंबाखूमुळे जखमेला होणारा रक्तपुरवठा कमी होतो. बिडी ओढताना गुठळी सुटते आणि मिश्री लावलेले बोट सरळ जखमेपर्यंत पोहोचते. 'मिश्रीने दुखणे थांबते' असे वाटते, पण जखम मात्र चिघळते. आठवडाभर सोडता आली तर ती कायमची सोडायचा विचार करा. त्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.

गोळ्यांबाबत

दुखण्याची पहिली गोळी भूल उतरण्याआधीच, थोडे खाऊन घ्या. दुकानातून आणखी एखादी गोळी मनाने जोडू नका. अनेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच, त्यामुळे नकळत डोस दुप्पट होतो. ॲस्पिरिन दुखण्यासाठी घेऊ नका, त्याने रक्त वाढते. पोटात अल्सर किंवा किडनीचा आजार असेल तर वेदनाशामक कोणते, ते डॉक्टरच ठरवतील. प्रत्येक रुग्णाला प्रतिजैविक लागतेच असे नाही. दिले असेल तर सांगितलेले दिवस पूर्ण घ्या. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू घेऊ नका. लवंग तेल, हळद किंवा तुरटी जखमेत भरू नका.

दुखणे कमी होऊन पुन्हा वाढले तर

दुखणे रोज थोडे कमी व्हायला हवे. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ते अचानक वाढले, कानापर्यंत ठणका गेला आणि तोंडाला घाण वास येऊ लागला, तर गुठळी निघून गेली असण्याची शक्यता असते. याला 'ड्राय सॉकेट' म्हणतात. ते घातक नाही, पण घरी गोळ्यांवर सहन करत बसू नका. डॉक्टर खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात, त्याने लवकर आराम पडतो.

रात्री गावात रक्त आले तर

सरळ बसा, आडवे होऊ नका. तोंडातले रक्त हलकेच पुसा. स्वच्छ गॉज किंवा धुतलेल्या सुती कापडाची जाड घडी ओली करून नेमकी खड्ड्यावर ठेवा आणि घड्याळ लावून ३० मिनिटे घट्ट चावून धरा. बोलू नका, उघडून पाहू नका. न थांबल्यास नवी घडी घेऊन पुन्हा ३० मिनिटे तसेच करा. तरीही रक्त वाहत असेल, किंवा सुरुवातीपासूनच तोंड भरून येत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी लगेच डॉक्टरांना फोन करावा.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

- श्वास घ्यायला त्रास, आवाज बदलणे
- स्वतःची लाळही गिळता न येणे
- सूज हनुवटीखाली किंवा गळ्याकडे उतरणे, जीभ वर उचलली जाणे
- १०१ अंशांच्या वर ताप, थंडी वाजणे
- तिसऱ्या दिवसानंतर सूज कमी होण्याऐवजी वाढणे

पहिल्या तीनपैकी काहीही दिसले तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. अशा वेळी गावातच सलाइन लावून वाट पाहणे धोक्याचे ठरते. ओठ किंवा जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर असेल तर तातडी नाही, पण पुढच्या भेटीची वाट न पाहता फोनवर कळवा. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते.

बसून करायच्या कामावर दोन-तीन दिवसांत आणि अंगमेहनतीच्या कामावर साधारण आठवड्याने परतता येते. सगळे ठीक वाटले तरी सातव्या दिवसाची तपासणी चुकवू नका.