कळफलक, गाभा आणि लिपी : संगणकाच्या सामर्थ्यप्रकटनाचा एक अध्याय

यंत्राच्या अंगी असलेले सामर्थ्य आणि ते वापरणाऱ्यास ज्ञात असलेले सामर्थ्य या दोन भिन्न गोष्टी होत. त्यांमधील अंतर कोणी, कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या नावाने भरून काढावयाचे, हा प्रश्न वरकरणी अभियंत्यांचा दिसतो. परंतु महाराष्ट्रात तो लिपीच्या निमित्ताने उभा राहिला, आणि म्हणून भाषेच्या अभ्यासकांनीही त्याची दखल घ्यावयास हवी.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. 'टिफ्रॅक' हे नाव त्यास १९६२ मध्ये मिळाले. आजच्या अर्थाची कार्यकारी प्रणाली त्यावर नव्हती. वापरणारा आणि यंत्र यांच्यामध्ये पडदाच नसल्याने सामर्थ्य 'प्रकट' करण्याचा प्रश्नही नव्हता. ज्यास यंत्राची रचना ठाऊक, त्यास त्याचे सर्व सामर्थ्य ठाऊक. पडदा आला तो पुढे, एकाच यंत्रावर अनेकांचे काम चालू लागल्यावर. या पडद्याचे नाव कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा. उपकरणांशी बोलण्याचा अधिकार गाभ्याकडे, आणि आज्ञावलींनी मागावयाचे ते गाभ्याकडे मागावयाचे. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत सुरू झालेल्या युनिक्सने प्रत्येक उपकरण फाइलीच्या रूपाने मांडण्याची सोय केली. ही सोय फार सुबक खरी. पण फाइल वाचता-लिहिता येते, 'तुला काय काय येते?' असे तीस विचारता येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९७९ च्या सातव्या आवृत्तीत 'आयओसीटीएल' ही निराळी आज्ञा आली.

आता कळफलकाकडे वळू. १९८४ च्या आयबीएम एटी संगणकात कळफलकासाठी ८०४२ हा स्वतंत्र नियंत्रक होता. अक्षर म्हणजे काय हे या नियंत्रकास ठाऊक नसते. कोणती कळ दाबली आणि कोणती सोडली, एवढेच तो अंकाने कळवितो. ध्वनी आणि वर्ण यांतील भेद शिकविताना आम्हांस हे उदाहरण नेहमी उपयोगी पडते : नियंत्रक ध्वनी देतो, वर्ण कोणी दुसराच ठरवितो.

हा 'दुसरा' कोण असावा, याचे एक विलक्षण उत्तर पुण्यात तयार झाले. कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेले जिस्ट तंत्र १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आले आणि 'जिस्ट कार्ड' या रूपाने संगणकात बसू लागले. कळफलक आणि पडदा यांच्या वाटेवर हे कार्ड बसे आणि डॉसवरील डीबेससारख्या आज्ञावलीस कळू न देता भारतीय लिपी दाखवी. आज्ञावलीच्या दृष्टीने ती आठ द्विअंकांची साधी चिन्हे होती. 'स्त्री' हा शब्द तिच्या हिशेबी सहा स्वतंत्र चिन्हे. त्यांचे पडद्यावर एक जोडाक्षर होते, हे जाणण्यास तिला मार्ग नव्हता. १९९१ मध्ये भारतीय मानक ठरलेल्या इस्की संकेतात ब्राह्मीकुलातील लिपींना एकच सामाईक संकेतमाला असल्याने, तोच मजकूर देवनागरीत, कन्नडात वा तेलुगूत पाहता येई. आमच्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच पेठेत कानी पडतात. त्यांपैकी तिघींना ही योजना जणू बेतून शिवलेली होती. उर्दूची लिपी निराळ्या कुलातील, म्हणून ती बाहेर राहिली.

जिस्ट कार्डाच्या कर्तृत्वाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तथापि त्याचे सामर्थ्य मूक होते. गाभ्यास त्याची वार्ता नव्हती आणि आज्ञावलीस ते विचारता येत नव्हते. साहजिकच त्यावर दुसऱ्या कोणास काही रचता आले नाही. चित्ररूप पडद्यांच्या प्रणाली आल्या, त्या अक्षरे स्वतःच ठिपक्यांनी रेखाटू लागल्या आणि वाटेवर बसलेल्या कार्डाच्या हाती अक्षरेच येईनाशी झाली. लिपीचे काम मग प्रणालीच्या वरच्या थराकडे गेले : विंडोज २००० मध्ये देवनागरी, तर २००१ च्या एक्सपीत कन्नड व तेलुगू.

लिनक्सने गाभ्याचे काम याहून काटेकोरपणे मर्यादित केले. २००३ अखेरच्या २.६ आवृत्तीबरोबर आलेल्या सिसएफएस या मांडणीत पुढे प्रत्येक कळफलकासाठी 'कॅपॅबिलिटीज' नावाचा कप्पा आला. त्यातील फाइल वाचली की उपकरणास कोणत्या कळा आहेत, हे द्विअंकांच्या ओळीत समजते. ही फाइल कोणीही वाचावी. प्रत्यक्ष दाबलेल्या कळा मात्र सर्वांना वाचता येत नाहीत, कारण त्या वाचता येणाऱ्यास दुसऱ्याचा गुप्तशब्दही वाचता येईल. सामर्थ्य जाणण्याचा अधिकार आणि ते वापरण्याचा अधिकार यांची ही फारकत आम्हांस या इतिहासातील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. अर्थात या निवेदनावर आंधळा विश्वास ठेवून चालत नाही. यूएसबी कळफलक स्वतःचे वर्णन स्वतः देतो. जुन्या धाटणीचा देत नाही, आणि मग चालक-आज्ञावली आपल्या कोष्टकावरून त्याच्या वतीने बोलते. अशा वेळी फलकावर नसलेल्या कळाही यादीत आढळतात.

'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद या गाभ्यास कळत नाही. इन्स्क्रिप्ट मांडणीत र ची कळ ३६ व्या क्रमांकाची. ऱ साठी गाभा केवळ ४२, म्हणजे डावी शिफ्ट, आणि मग ३६ असे कळवितो. त्यापुढे हलन्त जोडून मराठीचा अर्धा ऱ घडविणे हे वरच्या थरांचे काम. हे थर जागेवर नसतील तेव्हा काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. लिनक्सच्या मूळ अक्षरपडद्यावर फार तर ५१२ चिन्हाकृती मावतात आणि जोडाक्षरे जुळविण्याची सोय त्यात नाही. चित्ररूप प्रणाली सुरू न झाल्यास तोच पडदा समोर येतो, आणि मराठी नाव दिलेली फाइल शाबूत असूनही तिचे नाव त्यावर वाचता येत नाही.