रझा, सय्यद हैदर

(२२ फेब्रुवारी १९२२–२३ जुलै २०१६). निसर्गाच्या अनुभवातून अमूर्ताकडे गेलेले श्रेष्ठ भारतीय चित्रकार. जन्म मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात, बाबरिया येथे. वडील वनखात्यात असल्याने बालपण नर्मदेच्या खोऱ्यातील जंगलांत गेले. तिथल्या काळोख्या रात्रींची भीती आणि उजाडल्यावर मिळणारा धीर यांविषयी ते अखेरपर्यंत बोलत. शाळेत चित्त थाऱ्यावर यावे म्हणून गुरुजींनी भिंतीवर काढून दिलेल्या टिंबाची आठवणही ते सांगत.

नागपूरच्या कलाशाळेत आणि मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांचे शिक्षण झाले. या काळात त्यांनी जलरंगांत मुंबईचे रस्ते रंगवले. सोझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे या कलावंतांसह ते १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे संस्थापक-सदस्य होते. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांना चित्राच्या बांधणीकडे लक्ष देण्यास व फ्रेंच चित्रकार सेझान यांचा अभ्यास करण्यास सुचवले. १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले. १९५६ मध्ये त्यांना तेथील समीक्षकांचा ‘प्री द ला क्रितिक’ हा पुरस्कार मिळाला; तो मिळवणारे ते पहिलेच परदेशी चित्रकार.

फ्रान्समधील सुरुवातीच्या चित्रांत घरे, चर्च, टेकड्या ओळखू येतात. पुढे रंगाचे थर जाड होत गेले आणि आकार त्यांत विरघळले. १९६२ मध्ये अमेरिकेत बर्कलीला अध्यापनासाठी गेले असता चित्रकार रॉथ्को यांच्या चित्रांनी त्यांना रंगाचा अधिक मोकळा वापर करण्याचे बळ दिले. ‘तपोवन’ (१९७२) हे त्यानंतरच्या बहराचे फळ. गडद काळ्या-तपकिरी पृष्ठावर लाल-पिवळे रंग पेटून उठतात. झाड एकही दिसत नाही, तरी रान दाटून येते. पुढच्या काळातील बिंदूची चित्रे अधिक प्रसिद्ध असली, तरी रझांची प्रतिभा सर्वाधिक मुक्त आहे ती या काळातील चित्रांत.

१९८०च्या सुमारास काळा बिंदू, त्रिकोण व रंगपट्टे यांची भाषा त्यांच्या चित्रांत स्थिरावली. तिच्यात तंत्रपरंपरेची चिन्हे जरूर आहेत. पण तिला केवळ धार्मिक प्रतीकांत बसवणे अन्यायाचे ठरेल. ‘सौराष्ट्र’ (१९८३) या सुमारे दोन मीटर लांबी-रुंदीच्या चित्रात चौकटी आणि बिंदू आहेत, पण त्यांतले गेरू, शेंदरी, करपलेले तपकिरी रंग उन्हात तापलेल्या भूमीचेच आहेत. हे चित्र २०१० मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे १६ कोटी ४० लाख रुपयांना विकले गेले. उत्तरायुष्यात मात्र या भौमितिक रचनांची पुनरावृत्ती वाढली आणि रंगांचा पूर्वीचा ताण काहीसा सैलावला.

फ्रेंच चित्रकार जानीन मोंजिया या त्यांच्या पत्नी. त्यांच्या निधनानंतर काही वर्षांनी रझा दिल्लीत परतले. पद्मश्री (१९८१), पद्मभूषण (२००७) व पद्मविभूषण (२०१३) हे सन्मान त्यांना लाभले. दिल्लीत त्यांचे निधन झाले. दफन त्यांच्या इच्छेनुसार मंडला येथे, वडिलांच्या कबरीशेजारी करण्यात आले. त्यांनी स्थापन केलेले रझा फाउंडेशन चित्रकलेबरोबरच साहित्य, संगीत व नृत्य या क्षेत्रांतही कार्य करते.