पडलेली पापणी आणि अपेक्षेचें माप

डोळ्याची वरची पापणी ओघळून बाहुलीवर येऊं लागली म्हणजे घरांतील वडील माणसें दोनच प्रश्न विचारतात. शस्त्रक्रिया होते काय? आणि दुसऱ्या डोळ्यासारखा डोळा होईल ना? पहिल्याला होकार मिळण्यास शतकें लागलीं. दुसऱ्याला तो आजहि छातीठोकपणें देतां येत नाहीं. ‘बार्शी तेथें सरशी’ असें अभिमानानें म्हणणाऱ्या आमच्या गांवांतहि येथें तडजोडीचीच भाषा बोलावी लागते.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नेत्राचे 76 रोग सांगितले असून त्यांपैकीं 21 पापण्यांचे आहेत. त्यांत ‘वातहतवर्त्म’ म्हणून एक आहे. पापणीचे सांधे सैल होऊन ती निश्चेष्ट पडते. तेथील वर्णन न मिटणाऱ्या पापणीचें असल्यानें आजच्या रोगाशीं त्याचा मेळ तंतोतंत बसत नाहीं. पण तुटलेलें नाक व कान जोडण्याचे विधि देणारा हा ग्रंथ निश्चेष्ट पापणीला मात्र असाध्य म्हणतो, हें आम्हांस मोठें प्रामाणिकपणाचें वाटतें.

नाकाची ती विद्या महाराष्ट्रांत टिकून होती. टिपूशीं झालेल्या युद्धांत नाक गमावलेल्या कावसजी नांवाच्या गाडीवानास पुण्यास कपाळाच्या कातडीचें नवें नाक बसविण्यांत आलें. ती हकीकत 1794 सालीं लंडनच्या एका मासिकांत छापून आली आणि 1814 सालीं कार्प्यू यानें तेथें तसाच प्रयोग केला. परंतु नाक कातडीनें होतें, पापणी स्नायूनें उचलली जाते. जुने शस्त्रवैद्य पापणीची कातडी कापून ती आंखूड करीत. स्नायु दुबळा असतां त्यानें पापणी फारशी वर जात नसे, मिटण्याची पंचाईत मात्र होई. उचलणाऱ्या स्नायूसच हात घालण्याची पद्धति बोमन, एव्हरबुश इत्यादिकांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ केली. 1884 सालीं कोलर यानें कोकेननें डोळा बधिर करून दाखविला, तेव्हां रोगी जागा ठेवून काम करणें शक्य झालें.

1897 सालीं फ्रान्समध्यें मोते यानें बुबुळ वर फिरविणाऱ्या स्नायूची पट्टी पापणीस जोडली. युक्ति चतुर होती, पण तींत एकाचीं दोन दिसण्याचें भय असे. ती मागें पडली. (त्याच वर्षीं बार्शी रोडहून बार्शीस कॅलथ्रॉप यांची अडीच फुटी रेल्वे आली. 1927 सालीं ती मिरजेस पोंचली, आणि वॉनलेस यांनीं 1894 सालीं उभारलेलें इस्पितळ एकाच रुळावर आलें.) 1909 सालीं पायर यानें मांडीवरील पडद्याची पट्टी घेऊन पापणी कपाळाच्या स्नायूस टांगली; 1956 पासून क्रॉफर्डची पद्धति मुलांसाठीं रूढ झाली.

आजहि निवड या दोहोंतच आहे. वैद्य भुवई अंगठ्यानें दाबून धरतो, खालीं व मग वर पाहावयास सांगतो, आणि पापणी किती सरकली तें मोजतो. निरोगी पापणी सुमारें 15 मिलिमीटर सरकते. चार किंवा त्याहून कमी असेल तर ती टांगावीच लागते. टांगलेली पापणी भुवई चढविल्यानें उघडते. खालीं पाहतांना ती वरच राहते व झोपेंत डोळा किंचित् उघडा राहतो. दोन्ही डोळ्यांत एक मिलिमीटरचा फरक राहिला तरी काम चांगलें झालें असें समजतात. कधीं एक पापणी वर घेतली कीं दुसरी खालीं येते, कारण दोहोंना मेंदूची आज्ञा एकच असते. सूज उतरण्यास आठवडे लागतात, आणि दुसऱ्यांदा टेबलावर जावें लागणें हा कांहीं अपघात नव्हे. संध्याकाळीं जी पापणी अधिक पडते, तिच्या मागें स्नायूंचा निराळा रोग असूं शकतो. तेथें आधीं तपास, मग शस्त्र.

आमच्या मध्यम वर्गांत हा विषय निघतो तो बहुधा मुलीचा फोटो काढण्याच्या वेळीं. जन्मतःच पापणीनें बाहुली झांकलेली असेल, तर त्या डोळ्याची दृष्टि बालपणींच खुंटते. मग विसाव्या वर्षीं पापणी सुरेख वर गेली, तरी त्या डोळ्यानें अक्षर वाचतां येईलच असें नाहीं.