कलदार, पावती आणि एनए

कळमनुरीकडच्या आमच्या गावात आजोबांच्या काळी कुणी घर विकत घेतल्याचं ऐकिवात नाही. घर वडिलोपार्जित असायचं, नाहीतर भावकीच्या मदतीनं उभं राहायचं. मातीच्या भिंती, लाकडी खांब, वर माळवद. मृगाच्या आत माळवदावर पांढरी माती टाकून चोपली की वर्षाची डागडुजी झाली. आजी मात्र एक गोष्ट कधी गाळत नसे. हे सुख गावठाणात जागा असलेल्यांचं होतं. ज्यांना वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्या गाठीला पैसा आला तरी गावात घर बांधू दिलं जात नसे.

कळमनुरी तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. हैदराबाद संस्थानातल्या रझाकारांच्या धास्तीनं इकडची कितीतरी कुटुंबं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. आमची माणसं उमरखेडला एका खोलीत राहिली. घराण्यातलं ते पहिलं भाडं. घरमालकीण आली तेव्हा आजीनं कमरेच्या पिशवीतून निजामाचे हाली रुपये काढले. तिकडे कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये लागत. सरकारी भाव सात हालीला सहा कलदार. अडलेल्या माणसाला तो कोण देणार? आजी म्हणायची, “पैसा व्हता रे बाबा, पर तिकडं त्यो चालंनाच.” सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि माणसं परतली. माळवद खचलेलं होतं. भावकीनं हात लावला, ते पुन्हा उभं राहिलं. कुणाचा दाखला लागला नाही.

दाखल्यांचं युग वडिलांच्या वाट्याला आलं. १८ मे १९७२ रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. थोड्याच दिवसांत वडील तिथं कारकून म्हणून लागले, ऐन दुष्काळात. शहरात खोली मिळाली, पण विहीर मालकाची. भाडेकरूला रोज मोजून चार घागरी. पाहुणा आला की आई आदल्या दिवशीपासून पाणी राखून ठेवायची. कायदा भाडेकरूच्या बाजूनं होता. हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे कायदा मराठवाड्यात चालू होता आणि ३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्राचा नवा कायदा लागू होईपर्यंत तो चालला. पण कायद्याकडे जायचं तर हातात पावती हवी, आणि पावती मागणाऱ्याला खोली कोण देतो? आडनाव विचारून दार लावून घेणारे मालक तर आजही आहेत.

पुढे वडिलांनी शहराबाहेरच्या शेतात पाडलेला प्लॉट हप्त्यानं घेतला. व्यवहार बॉन्डपेपरवर. कर्जासाठी बँकेत गेले, तर साहेबांचा पहिलाच प्रश्न : “एनए आहे का?” नव्हतं. जमीन कागदावर बिगरशेती झालेली नव्हती, लेआउट मंजूर नव्हता. पगार दर महिन्याला जमा होत होता, तरी कर्ज नाही. मंजूर प्लॉटचा भाव ऐपतीबाहेर, आणि ऐपतीतल्या प्लॉटला कर्ज नाही. परभणीतल्या कितीतरी पगारदारांची आयुष्यं या कात्रीत भाड्याच्या खोल्यांत गेली. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं १ जानेवारी २००१ पूर्वीचे प्लॉट नियमित करण्याची वाट काढली; २०२१ मध्ये ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. तोवर अनेकांची कर्ज मिळण्याची वयं उलटून गेली होती.

म्हणून ‘काटकसर करा, घर होईल’ हा उपदेश मला पटत नाही. आजीकडे पैसा होता, वडिलांकडे पगार होता. दोघांची अडवणूक झाली ती त्या पैशाला मान्यता देणाऱ्या व्यवस्थेपाशी. शेतात प्लॉट पडून विकले गेल्यावर वीस वर्षांनी ते नियमित करण्यापेक्षा मंजूर लेआउटमधले लहान प्लॉट आधीच उपलब्ध करणं, हे सरकारचं आणि महापालिकेचं काम आहे. तोवर भाडेकरूच्या हातात निदान नोंदणी केलेला करार हवा. तो नोंदवायची जबाबदारी कायद्यानं मालकावरच टाकली आहे. ती पाळून घ्यावी. ज्याला घर घेता आलं नाही, त्यालाही शहरात ताठ मानेनं राहण्याचा पुरेपूर हक्क आहे.