सोलापूरच्या वॉर्डातला मध

डीमन हे अ‍ॅमस्टरडॅमला खेटून असलेलं गाव. 'झोर्गइन्स्टिट्यूट नेदरलँड' ही सरकारी संस्था इथे आहे. मूलभूत आरोग्यविम्यात कोणते उपचार बसावेत, हे ठरवताना तिचा शब्द मोलाचा असतो आणि तिचा पहिला प्रश्न असतो: पुरावा काय?

जखमेवर मध लावण्याबद्दल हा प्रश्न विचारला, तर आपल्यापैकी बरेच जण सुश्रुताचं नाव घेतील. ते बरोबरच आहे. सुश्रुतसंहितेत मधाला व्रण स्वच्छ करणारा आणि भरून आणणारा म्हटलं आहे. पण जुना ग्रंथ म्हणजे पुरावा नव्हे, आणि 'आमची आजी लावायची' हाही नव्हे. मोजमाप करून पाहिलेल्या पुराव्यातला मोठा वाटा मात्र खरोखर आपल्याकडचा आहे, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नाही.

1991 साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त सोलापूरच्या वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांचा दोन पानी लेख आला. वरवर भाजलेले 104 रुग्ण, त्यांचे दोन गट. 52 जणांना मधाची पट्टी, 52 जणांना तेव्हा सर्रास वापरलं जाणारं सिल्व्हर सल्फाडायझिन. सात दिवसांत मधाच्या गटातल्या 91 टक्के जखमा निर्जंतुक झाल्या, दुसऱ्या गटात फक्त 7 टक्के. पंधरा दिवसांत मधाने 87 टक्के जखमा भरल्या, मलमाने 10 टक्के.

आकडे इतके एकतर्फी की शंका यावी. ती आलीही. पुढे कॉक्रेनच्या आढावाकारांनी मधाच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा भाजण्याच्या बाबतीतला बराचसा पुरावा एकाच केंद्रातून आलेला असल्याकडे त्यांनी बोट दाखवलं. शिवाय सिल्व्हर सल्फाडायझिनमुळेच जखम भरायला उशीर होतो, असंही आता मानतात. म्हणजे मधाला प्रतिस्पर्धी जरा कच्चाच मिळाला होता.

मला सुब्रह्मण्यमांचा 1999 चा लेख अधिक महत्त्वाचा वाटतो. मध्यम स्वरूपाच्या भाजण्यात मृत त्वचा लवकर काढून त्वचारोपण करणं मधापेक्षा सरस ठरतं, असं त्यांनी स्वतःच चाचणी घेऊन छापलं. मधाचा प्रचारक असता तर त्याने हा लेख लिहिला नसता.

मध जंतू मारतो कसा, याचा शोध डचांनी बराच पुढे नेला. 1892 मध्येच व्हान केटेल या डच संशोधकाने मधाचा हा गुण नोंदवला होता. पुढे अँटिबायोटिक्स आली आणि मध मागे पडला. औषधांना न जुमानणारे जंतू वाढले, तेव्हा पुन्हा त्याची आठवण झाली. डीमनपासून सायकलने जाता येईल अशा एएमसी रुग्णालयात पाउलस क्वाकमन आणि सहकाऱ्यांनी 'रेव्हामिल' या डच वैद्यकीय मधातला एकेक घटक निष्प्रभ करून पाहिला. 2010 मध्ये त्यांनी हिशेब मांडला: भरपूर साखर, आम्लता, हायड्रोजन पेरॉक्साइड, मिथाइलग्लायोक्सल आणि 'बी डिफेन्सिन-1' हे प्रथिन. हे प्रथिन फुलातून येत नाही, मधमाशी स्वतः ते मधात घालते. पेरॉक्साइड तयार करणारं विकरही तिचंच. मध जखमेतल्या पाण्याने पातळ झाला की ते कामाला लागतं.

हे विकर उष्णतेने मरतं. तापवून गाळलेला बाटलीतला मध म्हणूनच जखमेसाठी कामाचा नाही. कच्च्या मधात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, त्यामुळे तोही उघड्या जखमेवर नको. वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात, त्यात बीजाणू मरतात आणि विकर टिकतं. आणि मध लावायचा तो पोळलेला भाग कोमट वाहत्या पाण्याखाली धरून झाल्यावरच. मोठा फोड असेल, किंवा चेहरा, हात भाजला असेल, तर मधाच्या नादी न लागता आधी हाउसआर्ट्सला फोन करावा.