केंद्र-राज्य संबंधविषयक आयोग आणि आंतरराज्य परिषद

भारतीय राज्यघटनेच्या २६३ व्या कलमाने केंद्र आणि राज्ये यांच्या समाईक प्रश्नांचा विचार करणारी परिषद स्थापण्याचा अधिकार राष्ट्रपतींस दिला आहे. या तरतुदीचे मूळ १९३५ च्या कायद्याच्या १३५ व्या कलमात सापडते. परिषद स्थापलीच पाहिजे असे बंधन मात्र त्यात नाही. सार्वजनिक हिताच्या दृष्टीने इष्ट वाटल्यास ती स्थापता येते, एवढेच. घटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. सर्वसाधारण स्वरूपाची आंतरराज्य परिषद मात्र १९९० साली अस्तित्वात आली. मधल्या चाळीस वर्षांत केंद्र-राज्य संबंधांचा विचार करणारी तीन प्रमुख मंडळे नेमण्यात आली. त्यांची मते पुष्कळ बाबतींत परस्परविरुद्ध होती. परंतु ही परिषद हवी, याविषयी तिघांचेही एकमत होते. असे असता एवढा विलंब का लागावा, आणि स्थापनेनंतरही परिषदेचे कार्य मंदच का राहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पहिल्या दोन दशकांत केंद्रात आणि बहुतेक राज्यांत एकाच पक्षाची सत्ता होती. त्यामुळे मतभेद पक्षांतर्गत चर्चेने मिटत असत. नियोजन आयोग (१९५०) आणि राष्ट्रीय विकास परिषद (१९५२) या दोन्ही संस्था घटनेच्या कोणत्याही कलमाखाली नव्हे, तर केवळ सरकारी ठरावाने निर्माण झाल्या होत्या. तरीही त्यांचे काम चालले. १९६७ च्या निवडणुकीनंतर अनेक राज्यांत काँग्रेसेतर मंत्रिमंडळे आली, आणि जे घरातल्या घरात मिटत होते त्यासाठी नियमबद्ध व्यासपीठाची उणीव भासू लागली.

१९६६ मध्ये नेमलेल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने हा विषय प्रथम मो. चि. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाकडे सोपविला. आयोगाचा या विषयावरील अहवाल १९६९ मध्ये सादर झाला. घटनेत बदल करण्याची आवश्यकता नाही, दोष असेल तर तो तिच्या वापरात आहे, अशी त्याची भूमिका होती. तथापि २६३ व्या कलमाखाली आंतरराज्य परिषद स्थापावी, अशी शिफारस त्याने केली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तामिळनाडूच्या करुणानिधी मंत्रिमंडळाने न्या. पी. व्ही. राजमन्नार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल मे १९७१ मध्ये आला. ३५६, ३५७ आणि ३६५ ही कलमे रद्द करावीत, शेषाधिकार राज्यांकडे द्यावेत, वित्त आयोग कायमस्वरूपी असावा, या तिच्या सूचना संघराज्याची मांडणीच बदलू पाहणाऱ्या होत्या. आंतरराज्य परिषद तत्काळ स्थापावी आणि राज्यांच्या हितसंबंधांस स्पर्श करणारी विधेयके संसदेत मांडण्यापूर्वी तिच्यापुढे ठेवावीत, असेही तिने सुचविले. केंद्राने हा अहवाल स्वीकारला नाही. १९७४ मध्ये तामिळनाडू विधानसभेने राज्य-स्वायत्ततेचा ठराव केला. पुढे आणीबाणीच्या काळात, ३१ जानेवारी १९७६ रोजी, जे ३५६ वे कलम समितीने रद्द करावयास सांगितले होते त्याच कलमान्वये ते मंत्रिमंडळ दूर करण्यात आले.

१९७७ मध्ये आणि पुन्हा १९८० मध्ये, केंद्रातील सत्तांतरानंतर, प्रत्येक वेळी नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त झाल्या. १९८० च्या नऊ राज्यांत महाराष्ट्रही होता. पंजाबातील आंदोलन आणि दक्षिणेकडील मुख्यमंत्र्यांची बंगळूर येथील बैठक या पार्श्वभूमीवर पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी मार्च १९८३ मध्ये न्या. रणजितसिंग सरकारिया यांच्या आयोगाची घोषणा केली. बी. शिवरामन आणि एस. आर. सेन हे त्याचे सदस्य होते. ऑक्टोबर १९८७ मध्ये सादर झालेल्या या अहवालात २४७ शिफारशी आहेत. बलवान केंद्र आवश्यक आहे असे आयोगाने मान्य केले. परंतु ३५६ वे कलम अगदी अखेरचा उपाय म्हणूनच वापरावे, मंत्रिमंडळाच्या बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हावी, आणि २६३ व्या कलमाखालील परिषद स्थापावी, असे त्याने बजावले.

तीन अहवालांतील अंतर बव्हंशी त्यांना विचारलेल्या प्रश्नांतील अंतर आहे. राजमन्नार समितीस राज्यांच्या स्वायत्ततेसाठी घटनेत कोणते बदल हवेत हे सांगावयाचे होते. सरकारिया आयोगास घटनेची चौकट आणि राष्ट्राची एकात्मता यांची जाण ठेवून विद्यमान व्यवस्था तपासावयाची होती. नेमणारा कोण, यावर उत्तराची दिशा बरीचशी ठरते. म्हणूनच परिषदेविषयीचे एकमत विशेष मोलाचे ठरते.

वि. प्र. सिंग यांच्या कारकीर्दीत, २८ मे १९९० च्या आदेशाने, परिषद स्थापन झाली. वर्षातून किमान तीन बैठका व्हाव्यात, असे त्या आदेशातच नमूद होते. पहिली बैठक ऑक्टोबर १९९० मध्ये झाली. दुसरी ऑक्टोबर १९९६ मध्ये. दहावी डिसेंबर २००६ मध्ये, आणि अकरावी जुलै २०१६ मध्ये. म्हणजे जेथे सव्वीस वर्षांत पाऊणशेहून अधिक बैठका अपेक्षित होत्या, तेथे अकरा झाल्या. मध्यंतरी २००७ मध्ये नेमलेल्या न्या. मदनमोहन पुंछी आयोगाने २०१० च्या आपल्या अहवालात ही परिषद अधिक समर्थ करण्याची गरज पुन्हा प्रतिपादिली.

३५६ व्या कलमाचा इतिहास याहून निराळा आहे. ते वापरण्याची वेळ येऊ नये अशी आशा डॉ. आंबेडकरांनी ऑगस्ट १९४९ मध्ये घटनासमितीत व्यक्त केली होती. ती आशा आणि सरकारिया आयोगाचा सल्ला या दोहोंनीही केंद्रावर प्रत्यक्ष बंधन पडले नव्हते. अहवालानंतर दीड वर्षातच, एप्रिल १९८९ मध्ये, कर्नाटकातील बोम्मई मंत्रिमंडळ सभागृहात बहुमत सिद्ध करण्याची संधी न देता दूर करण्यात आले. मार्च १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने त्याच प्रकरणी निर्णय देताना सरकारिया अहवालाचा आधार घेतला, आणि बहुमताची परीक्षा सभागृहात व्हावी हा सल्ला कायद्याचा नियम झाला. जुलै २०१६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील पदच्युत मंत्रिमंडळ न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा अधिकारावर आले.

यास पूरक उदाहरण वस्तू व सेवा कर परिषदेचे आहे. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने निर्माण झालेल्या या परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक-तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन-तृतीयांश, आणि निर्णयास तीन-चतुर्थांश बहुमत आवश्यक आहे. केंद्र एकटे निर्णय घेऊ शकत नाही, आणि सर्व राज्ये एकत्र आली तरी केंद्रावाचून त्यांचे चालत नाही. परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. तरीही देशभर कराचे दर एकसारखे ठेवावयाचे तर तिला टाळता येत नाही. दहा वर्षांच्या आतच तिच्या पन्नासाहून अधिक बैठका झाल्या.

या दोन उदाहरणांवरून मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. आंतरराज्य परिषद मंदावली ती आयोगांचा युक्तिवाद दुबळा होता म्हणून नव्हे, तर तिच्यावाचून कोणाचे काही अडत नव्हते म्हणून. आयोगाची शिफारस सत्ताधाऱ्याच्या इच्छेवर सोडली की ती अहवालात राहते. न्यायालयाच्या निर्णयास किंवा कराच्या आकारणीस ती जोडली गेली की अमलात येते. २०२५ मध्ये तामिळनाडू सरकारने न्या. कुरियन जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली राज्यांच्या अधिकारांविषयी समिती नेमली, तेव्हा राजमन्नार समितीच्या नेमणुकीस पंचावन्न वर्षे होऊन गेली होती. अशा समितीने परिषदेची शिफारस पुन्हा केली तर ती नवी म्हणता येणार नाही. परिषद न भरविल्यास कोणते काम थांबेल, हे ज्या शिफारशीत सांगितलेले असेल तीच खऱ्या अर्थाने नवी ठरेल.